दादा पडद्यावर आला तो मार्च

मार्च लागला की मला अजून घरात बसवत नाही. शाळेतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी सकाळी दहाच्या सुमाराला नवीन जालन्यातल्या आमच्या घराखालून मुलं हॉलतिकीट सांभाळत जायला लागली की मी गॅलरीत येऊन उभी राहते. कडुलिंबाची जुनी पानं रस्त्याच्या कडेला ढीग होऊन पडलेली असतात आणि वर तांबूस पालवीत बारीक पांढरा मोहर फुटलेला असतो. त्या मोहराचा वास वाऱ्यावर येतो, अर्धा कडू, अर्धा गोड. सून म्हणते, "आई, परीक्षा त्यांची आहे. घाम तुम्हाला का फुटतो?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. पंचाहत्तरच्या आसपासचा तो एक मार्च तिला कुठून सांगायला सुरुवात करावी, ते मला कधी कळलेलं नाही.

मी तेव्हा मॅट्रिकला होते. आमचं गाव केदारखेडा, भोकरदन तालुक्यातलं. शाळू काढून झाला होता, रानं मोकळी पडली होती आणि पूर्णा नदी आटून दोन-चार डोहांपुरती उरली होती. दिवसभर वारा धसकटांतून शीळ घालत फिरायचा. मी अंगणात पोत्यावर बसून भिंतीला पाठ लावून वाचायची. उठायला लागले की माय चुलीपासून ओरडायची, "बस तू. भाकरी मी थापते. तू वाच." आमच्या वस्तीतून मॅट्रिकला बसणारी मी पहिलीच मुलगी. गावातून आणखी एकच होती, विमल. तिच्या वडिलांची नदीकाठाला काळी, खोल जमीन होती. विमल आणि मी एकाच यष्टीनं शाळेत जायचो, एकाच पुस्तकातून पाठ करायचो. तिच्या घरात मात्र मी ओसरीच्या पुढं कधी गेले नव्हते.

सुखदेवदादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी जन्मायची होते. त्याच वर्षी आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गावकीची कामं सोडली. मेलेली जनावरं ओढणं नाही, दवंडी नाही, कुणाच्या दारात सांगाव्यासाठी ताटकळणं नाही. पुढं ते सडकेवर मैलकुली म्हणून लागले. खड्डे बुजवायचे, मुरूम पसरायचा, कडेच्या झाडांना पाणी घालायचं. काम कष्टाचं होतं, पण सरकारचं होतं. आबा म्हणायचे, "सडक कुणाच्या बापाची न्हाई. तिथं वाकलो तरी मातीपुढं वाकतो."

जयंतीला वस्तीत जलसा व्हायचा. त्यात दादाचं एक पात्र होतं. गावकीची काठी हळूच जमिनीवर ठेवून ताठ उभा राहणारा तरुण. त्याला वाक्य एकही नव्हतं. पण दादा काठी ठेवून मान वर करायचा, तेव्हा बायाबापड्यांचे पदर डोळ्यांना जायचे आणि आबा पहिल्या रांगेत उगाच घसा खाकरायचे. पुढं औरंगाबादला कॉलेजात गेल्यावर तो नाटकांत चमकला. मुंबईच्या कुणीतरी पाहुण्यानं "तुझ्या चेहऱ्यात काहीतरी आहे, ये तिकडं," असं म्हटलं आणि हा बी. ए. अर्धवट टाकून गेला. आबा दोन महिने त्याचं नाव घेत नव्हते. मग एक पाकीट आलं. त्यात फोटो होता: कोट घातलेला, केस मागं वळवलेला दादा. सोबत चार ओळी, 'सिनेमात काम मिळतंय, काळजी करू नये.' आबांनी फोटोला काच लावून आणली आणि घरातल्या दोन तसबिरींच्या खाली, वीतभर अंतर सोडून टांगला. चिठ्ठी मात्र खिशात ठेवली. सडकेवर कुणी शिकलेला माणूस सायकल थांबवून पाणी प्यायला बसला की ती त्याच्याकडून वाचून घ्यायचे. मी घरात होते, मला वाचता येत होतं. पण त्यांना ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची असे.

फेब्रुवारी संपता संपता तंबूतला सिनेमा गावात आला. नदीच्या वाळवंटालगत खळ्याच्या जागेवर तंबू लागला, जनरेटर धडधडायला लागला आणि भोंगा बांधलेली बैलगाडी गल्लोगल्ली फिरू लागली. दोन खेळ झाले. तिसऱ्या दिवशी भोंग्यातून निघालं, "आपल्या केदारखेड्याचे सुपुत्र, सुखदेव! पडद्यावर पाहा!" कुणीतरी मॅनेजरला सांगितलं होतं. माय दळण टाकून दारात आली. पोरं गाडीमागं पळत होती आणि आबा सडकेवरून घमेलं तसंच डोक्यावर घेऊन घरी आले होते.

संध्याकाळच्या पहिल्या खेळाला सगळी वस्ती गेली. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, पटका नव्यानं बांधला होता. आम्ही नेहमीप्रमाणं पुढं जमिनीवर बसलो. मागं गावातल्या मोठ्या लोकांसाठी सात-आठ लोखंडी खुर्च्या होत्या. मॅनेजर आबांपाशी आला. म्हणाला, "तुम्ही हिरोचे वडील ना? मग इथं कशाला? चला, खुर्चीवर." आबा उठेनात. तेव्हा विमलचे वडील स्वतःच मागून म्हणाले, "ये की. आज तुझा मान हाय." आबा गेले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर अगदी काठाला बसले. मी मागं वळून पाहिलं, तर त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि फोटो काढताना माणूस बसतो तसे ते बसले होते.

मध्यंतरापर्यंत दादा दिसला नाही. लोक एकमेकांना विचारायला लागले. मध्यंतरानंतर एक मोठी हवेली आली, जिना उतरून एक जाडजूड मालक आला आणि अंगणात फाटक्या बंडीतला एक माणूस उभा होता. तो दादा होता. खांदे आत घेतलेले, मान डावीकडं कललेली, हात जोडलेले. मालकानं काहीतरी विचारलं. दादा म्हणाला, "गलती हो गई, मालिक." मालकानं लाथ घातली. दादा चिखलात पडला, तसाच उठून गुडघ्यांवर आला, पुन्हा हात जोडले, पुन्हा म्हणाला, "गलती हो गई, मालिक." मग हिरो घोड्यावरून आला आणि पडदा दुसरीकडंच गेला. मिनिटभराचा प्रकार. दादा परत आला नाही.

मग मागून कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी हसलं आणि ते हसू जमिनीवर बसलेल्यांतही पसरलं. आमचीही काही माणसं हसली, हे मला लपवता येत नाही. मी पदर तोंडात कोंबून बसले. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आबा उठून गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य गावभर झालं. पोरं खेळताना म्हणू लागली, पिठाच्या गिरणीत रांगेत कुणी पुढं घुसलं की म्हणू लागली. विमलचा चुलतभाऊ मोटारसायकलवरून जाताना, सडकेवर आबा खडी पसरत होते तिथं वेग कमी करून ओरडला, "गलती हो गई, मालिक!" आबांनी फावडं थांबवलं नाही. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले आणि भिंतीवरचा फोटो उतरवून कणगीमागं ठेवला. मग मला म्हणाले, "कागद घे."

मी भूगोलाच्या वहीचं मधलं पान फाडलं. आबा सांगत गेले, मी लिहीत गेले. 'तुझं काम बघितलं. ज्या कामातून आम्ही उठून आलो, ते तू पैशापायी करून राह्यलास. हे सोडायचं असेल तर घरी ये. न्हाई तर येऊ नको.' एवढंच. आबा उठून बाहेर गेले. पाकीट चिकटवायच्या आधी मी खाली एक ओळ माझी घातली. 'निदान माझी परीक्षा होईपर्यंत येऊ नको, लोक हसतात.' ती ओळ लिहिताना माझा हात थरथरला वगैरे काही नाही. मला राग आला होता. वर्षभर मी कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसून पुसून अभ्यास केला होता आणि आता परीक्षेला जाताना यष्टीत सगळे माझ्याकडं त्या वाक्यासकट बघणार होते. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात माणूस किती सहज निष्ठुर होतं! नंतर शिक्षिका झाल्यावर वर्गात, उत्तर चुकलेल्या मुलीला मैत्रिणी हसल्या की मी हसणाऱ्यांवर नको इतकी चिडायची. त्या चिडण्याचं मूळ बहुधा त्या पानात आहे.

परीक्षेचं केंद्र भोकरदनला होतं. तिसऱ्या दिवशी दोन पेपर होते, मधे तासाभराची सुट्टी. विमल आणि मी कडुलिंबाखाली डबे सोडले, तेवढ्यात फाटकातून दादा आत आला. उन्हानं चेहरा काळवंडलेला, अंगावर साधा पायजमा-सदरा आणि डाव्या मनगटाला मळकं बँडेज. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्याला बघत होते.

मी उठायच्या आत विमल उठली. "दादा, तुम्हीच ना सिनेमात होता?" तिनं विचारलं. "तुम्ही पडलात ना, तवा मला लै रडू आलं. घरी गेल्यावर बी जेवले न्हाई मी." तिच्या बोलण्यात जराही खोटेपणा नव्हता. आपल्याच घरच्या माणसांच्या हसण्यात बसून ती रडली होती. आणि मी? मी तोंडात पदर कोंबून, कुणी आपल्याकडं बघतंय का, एवढंच बघत होते. विमल पाणी आणायच्या निमित्तानं बाजूला गेली.

दादा माझ्यासमोर उकिडवा बसला. "चिठ्ठी भेटली," तो म्हणाला. "शेवटची ओळ आबांची न्हाई."

मी डब्यातली भाकरी मोडत राहिले.

"आबा लोकांच्या हसण्याला भीत न्हाईत, सुमे. त्यांचं दुखणं दुसरं हाय."

"मग तू का करतोस असली कामं?" मी एकदम म्हणाले. "चांगली कर की. कोट घालून कर."

तो हसला. "कोट फोटोवाल्याचा व्हता. तिथं सकाळी पंधरा-वीस जणं रांगेत हुभे राहतात. माणूस येतो, तोंडं बघतो, बोट करतो. मला पह्यल्या दिवशी बोट केलं, तवा वाटलं, याला माझ्यातला नट दिसला. नंतर कळलं, त्याला काय दिसतं ते. हवालदार पाहिजे असला तर माझ्यापुढचा जातो, वकील पाहिजे असला तर माझ्यामागचा. लाथ खायला पाहिजे असला की बराबर माझ्यावर बोट येतं."

"आणि हाताला काय झालं?"

"त्या लाथेचे सात टेक झाले. म्हणजे सातदा पडलो. पाचव्याला मनगट दगडावर आलं. तवापासून कुठं बी पडलो की तेच सुजतं, परवा बी तसंच झालं." तो थोडा थांबला. "सहाव्या येळी मी पडलो, उठलो आणि मालकाकडं सरळ वर पाह्यलं. हात जोडले न्हाईत. आपोआप झालं ते. सगळे गप्प झाले. मंग डायरेक्टर म्हणला, 'ए, नजर नीचे.' सातवा घेतला. तुम्ही पाह्यला तो सातवा." तो उठला, सदऱ्याची धूळ झटकली. "सहाव्याचं आबांना सांग. मी घरी येत न्हाई, सोडून यायचं तर मला जमणार न्हाई. पण तेवढं सांग."

घंटा झाली. मी डबा न झाकताच धावले. दुपारच्या पेपराला पहिला अर्धा तास माझी लेखणी कागदाला लागली नाही. खिडकीतून वाळलेली पानं वर्गात येत होती आणि फरशीवर खरखरत फिरत होती. बाहेर आले, तेव्हा दादा गेला होता.

आबांना मी लगेच सांगितलं नाही. सांगायचं तर माझ्या ओळीचंही सांगावं लागलं असतं. परीक्षा संपली, ऊन कडक झालं, मायनं कुरडया घातल्या. त्या वाळवणाची राखण करत मी अंगणात बसायची आणि ती मधेच विचारायची, "पोराचं काही कळलं का गं?" दोन आठवडे मी मान हलवून नाही म्हणत राहिले. शेवटी एका सकाळी आबा सडकेवर निघाले, तेव्हा मी त्यांच्या मागोमाग गेले आणि वडाखाली सगळं सांगितलं, माझ्या ओळीपासून सहाव्या वेळेपर्यंत. मला वाटलं होतं, ते चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, "मनगट मोडलंय का मुरगळलंय?"

"माहीत नाही."

"विचारलं न्हाईस?"

चार दिवसांत त्यांनी मुकादमाकडून रजा काढली. जयंतीला दादाला घरी आणायचं, असं मायला सांगून आम्ही दोघं जालन्याहून निघालो. मनमाडला गाडी बदलली. आबांनी जालन्याच्या पुढचं जग तोवर पाहिलं नव्हतं. गाडीत ते खिडकीपाशी बसून रुळांशेजारची खडी बघत होते. "हितं बी मैलकुली असतील," एवढंच एकदा म्हणाले.

मुंबईत दादाच्या खोलीवर कुलूप होतं. शेजारणीनं स्टुडिओचा पत्ता दिला, विचारत विचारत आम्ही पोचलो. फाटकावरच्या दरवानानं आत सोडलं नाही, पण निरोप पाठवला. भर दुपारी आम्ही भिंतीच्या चिमूटभर सावलीत उभे राहिलो. मग दादा बाहेर आला, आणि आबांच्या हातातली भाकरीची गाठोडी खाली पडली. दादाचा सदरा खांद्यापासून फाटला होता आणि कपाळावरून गालापर्यंत रक्ताचा ओघळ होता.

आबा धावले. पटक्याचं टोक ओढून ते त्याच्या कपाळाला लावणार, तोच दादा मागं सरला. "आबा, रंग हाय तो. पुसू नका. दुपारून पुन्हा हेच करायचं, जसाच्या तसा लागतो."

आबांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि दादाचं डावं मनगट धरून, अंगठ्यानं दाबून दाबून बघितलं. "मोडलं न्हाई," ते म्हणाले.

आम्ही भिंतीलगत बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. रंग तडकू नये म्हणून दादा तोंड जेमतेम उघडून हळूहळू चावत होता. खाता खाता त्यानं विचारलं, "आबा, तुम्ही सोता गेल्ता बघायला?"

"गेल्तो."

"मंग?"

"खुर्चीवर बसलो व्हतो," आबा म्हणाले. त्यांनी उरलेली भाकरी दादाकडं सरकवली.

घरी चल, हेही त्यांनी दोनदाच म्हटलं. दादा म्हणाला, "पुढल्या आठवड्यात दोन वाक्यं भेटली हाईत. आता गेलो तर त्या जागी दुसरा हुभा राहील." आबांनी मान हलवली. आतून कुणीतरी हाक मारली, तो उठला आणि तसाच, रक्ताच्या ओघळासकट, वाकून आबांच्या पाया पडला. फाटकावरचा दरवान आमच्याकडं बघत राहिला.

पुढचं इथंच सांगून टाकते. दादानं आणखी वीसेक वर्षं कामं केली. नोकर झाला, गाडीवान झाला, इस्पितळातला रोगी झाला, दोन-तीनदा प्रेत झाला. सिनेमाच्या सुरुवातीला नावांच्या पाट्या येतात, त्यांत त्याचं नाव कधी आलं नाही. पडद्यावर तो दिसेपर्यंत डोळा लवू द्यायचा नाही, असं मी माझ्या मुलांना सांगायचे, नाहीतर तो निघून जायचा. पुढं सिनेमांतले घोडे, गर्दी, सगळंच कमी झालं, मग त्याला बोलावणं येईना. सणावाराला तो घरी येऊ लागला होता, आबा त्याच्याशी पावसापाण्याचं बोलायचे. सिनेमाचं कधी नाही. दादा गेला, तेव्हा त्याच्या चाळीतल्या निम्म्या लोकांना तो नट होता हे ठाऊक नव्हतं. आबा त्याच्याआधी गेले. पुन्हा कधी ते तंबूत शिरले नाहीत.

परतताना मनमाडच्या फलाटावर आम्हाला जालन्याच्या गाडीसाठी दुपारभर थांबावं लागलं. पत्रे तापले होते. नळाला गरम पाणी येत होतं. आबा बाकावर न बसता सामानावर बसले होते. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "पोरी, त्यो पडद्यावर मालकापुढं तसा हुभा राह्यला, ते कुठं शिकला असंल?"

"कॉलेजात. नाहीतर तिथं शिकवत असतील," मी म्हणाले.

"न्हाई." ते उठले. भर फलाटावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधे, त्यांनी खांदे आत घेतले, मान डावीकडं कलती केली, एक पाय किंचित मागं टाकला. क्षणभरच. मला तंबूतला पडदा दिसला. पडद्यावर दादाचाही पाय अगदी तसाच मागं होता, आणि तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. "पाय असा मागं घ्यायचा," आबा म्हणाले. "म्हंजे लाथ आली तर पडाया सोपं जातं, कंबर वाचती. हे सिनेमावाल्याला काय ठाव? विमलच्या आज्याच्या दारात मी असा हुभा राह्यचो, तवा ह्यो माझं धोतर धरून शेजारी असायचा. एवढासा व्हता. मला वाटलं व्हतं, छप्पन साली समदं सोडलं, पोराच्या ध्यानात बी राह्यलं नसंल." ते पुन्हा सामानावर बसले. "त्यानं माझं घेतलं. बिलकुल फरक न्हाई. मला खुर्चीवर बसवून मलाच दाखवलं. म्हणून उठलो मी."

इंजिनाचा धूर लांबून दिसायला लागला. लोक उठले, ट्रंका सरकल्या.

"दादाला लिहू का हे?" मी विचारलं.

आबांनी पटका काढून झटकला, पुन्हा बांधला. गाडी फलाटाला लागली तसं त्यांनी सामान उचललं. मग म्हणाले, "लिही की काम चांगलं केलंस. लै चांगलं केलंस म्हणावं." आणि डब्याच्या पायरीवर एक पाय ठेवून, मागं न बघता, "बाकीचं नको लिहू. त्याला पुन्हा तसं हुभं राह्यचं हाय."

मी तेवढंच लिहिलं.